समुद्रापर्यंतची वाट

कॅलिफोर्नियात समुद्राची ओली वाळू कुणाला विकत घेता येत नाही. नियम ऐकायला सोपा आहे. भरतीचं पाणी सरासरीने जिथपर्यंत चढतं, त्या रेषेच्या समुद्राकडच्या बाजूला सगळ्यांचा हक्क आणि जमिनीकडच्या बाजूला मालकाचा. ही रेषा वाळूत कुठे आखलेली दिसत नाही. जवळपास १९ वर्षांच्या भरत्यांची सरासरी काढून ती ठरते, आणि किनारा सरकला की तीही सरकते. मी पोटापाण्यासाठी दिवसभर डेटाशी खेळते, तरी कुणाच्या तरी घराची हद्द सरासरीवर ठरते हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गंमत वाटली होती.

गंमत संपते ती पुढच्या प्रश्नापाशी. समुद्र सगळ्यांचा, हे कबूल. पण समुद्रापर्यंत जायची वाट कुणाची? सडक आणि ओली वाळू यांच्यामध्ये जी दोनचारशे फूट कोरडी जमीन असते, ती कुणाच्या तरी नावावर असते. त्या माणसाने फाटक लावलं, की सगळ्यांचा समुद्र कागदावर सगळ्यांचाच राहतो आणि प्रत्यक्षात फाटकाच्या आत राहणाऱ्यांचा होतो.

हा प्रश्न मला भेटला तो गाडीत. २०२४ च्या जूनमध्ये आई-बाबा पहिल्यांदा अमेरिकेत आले. ते दोघं, नवरा आणि मी असे चौघं भाड्याच्या गाडीने सनीव्हेलहून निघालो आणि हायवे वनने, जमेल तितका किनारा धरून, लॉस एंजेलिसपर्यंत गेलो. आईने वाटेत खायला तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या होत्या आणि बाबांच्या फोनमध्ये गावच्या जमिनीचे कागद होते.

रत्नागिरी जिल्ह्यात आमची नारळी-पोफळीची वाडी आहे, थेट पुळणीला टेकलेली. पुण्याच्या एका पार्टीला तिथे सात-आठ व्हिला बांधायचे आहेत. दर चांगला आहे. बाबा निवृत्त झालेत, आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं व्हायची आहेत, दादाला चिपळूणचं दुकान वाढवायचंय, आणि वाडी शिंपायला, नारळ पाडायला आता माणूस मिळत नाही. विकायची हे जवळपास ठरलंय. अडलंय ते एका पायवाटेपाशी.

वाडीच्या गडग्याला धरून ही वाट समुद्रावर उतरते. वरच्या खारवीवाडीतली माणसं पहाटे त्या वाटेने होड्यांकडे जातात, बायका मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन तिथूनच वर येतात. बाबांच्या आजोबांच्या वेळेपासून हे असंच आहे. घेणाऱ्याचं म्हणणं असं की वाट बंद करून जमीन द्या, गुंठ्यामागे भाव वाढवून देतो. व्हिलात उतरणाऱ्यांना प्रायव्हेट बीच लागतो. वाट गेली तर खारवीवाडीला सडकेने दीड-दोन किलोमीटरचा वळसा पडेल. वकिलाने आम्हा भावंडांच्या संमतीच्या सह्याही मागितल्या आहेत. म्हणजे मत मलाही द्यायचंय.

*

आमच्या रस्त्यावर हाफ मून बे संपल्यावर मार्टिन्स बीच लागतो. डोंगरकड्यांनी दोन्हीकडून झाकलेला छोटा किनारा. खाली जायला रस्ता एकच, तोही खाजगी जमिनीतून. आधीचं मालक कुटुंब पार्किंगचे थोडे पैसे घेऊन वर्षानुवर्षं लोकांना सोडत असे. २००८ मध्ये विनोद खोसलांनी ही जागा सव्वातीन कोटी डॉलरला घेतली. आयआयटीतून आलेले, सन मायक्रोसिस्टम्सचे सहसंस्थापक. या भागात नोकरीला आलेल्या प्रत्येक भारतीय इंजिनिअरला माहीत असलेलं नाव. काही काळाने फाटक बंद झालं. लाटांवर खेळणाऱ्यांची संघटना, सर्फरायडर फाउंडेशन, २०१३ मध्ये कोर्टात गेली. निकाल लागला तो असा: लोकांचा किनाऱ्यावरचा वावर बदलणार असेल तर आधी कोस्टल कमिशनचा परवाना घ्यावा लागेल. २०१७ मध्ये अपील कोर्टाने तो कायम ठेवला आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्यात लक्ष घालायला नकार दिला.

मी ही गोष्ट सांगत होते तेव्हा मला वाटलं, बाबा सर्फरांच्या बाजूने बोलतील. ते मालकाच्या बाजूने बोलले. "पैसे त्याने मोजले, कर तो भरतो, उद्या कुणी कड्यावरून पडला तर कोर्टात त्याला खेचणार. आणि लोकांची ये-जा मात्र त्याने सोसायची?"

हा मुद्दा चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. जॉन लॉकने सतराव्या शतकात मालकीचं जे समर्थन केलं, ते आजही आपल्या डोक्यात पक्कं आहे: निसर्गात माणसाने आपली मेहनत मिसळली की ती गोष्ट त्याची होते. आमच्या पणजोबांनी वाळवंटात माती टाकून माड लावले, म्हणून वाडी आमची. लॉकने एक अटही घातली होती, जी आपण सोयीने विसरतो. इतरांसाठी तितकंच आणि तसंच चांगलं शिल्लक राहिलं पाहिजे. माड लावल्याने दुसऱ्याचे माड कमी होत नाहीत. समुद्राकडे उतरणारी एकमेव वाट अडवली की मात्र शिल्लक काही राहत नाही.

लॉकच्याही हजारभर वर्षं आधी रोमन कायद्याने हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा या गोष्टी निसर्गतः सगळ्यांच्या मानल्या होत्या. तो विचार फिरत फिरत आपल्याकडेही आला. बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या खटल्यात भारताच्या सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये तोच आधार घेतला: अशा गोष्टींचं सरकार मालक नसतं, विश्वस्त असतं, त्यामुळे त्या खाजगी फायद्यासाठी वाटून टाकायचा अधिकार त्याला नाही.

कॅलिफोर्नियातल्या लोकांनी हे भांडून मिळवलंय. १९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सी रँच नावाची वसाहत उभी राहायला लागली आणि सुमारे दहा मैलांचा किनारा तिथे राहणाऱ्यांपुरता होणार, असं दिसायला लागलं. त्यावरून जी ओरड झाली तिच्यातून १९७२ मध्ये प्रपोझिशन २० मतदानाला आलं आणि लोकांनी ते मंजूर केलं. कोस्टल कमिशन तिथून जन्मलं, आणि १९७६ च्या कोस्टल अ‍ॅक्टने ते कायमचं झालं. आज गाडीतून जाताना सडकेच्या कडेला पाऊल आणि लाट काढलेली जी छोटी पाटी दिसते, ती या भांडणाची कमाई आहे. आईला ती पाटी इतकी आवडली की ती दिसली की गाडी थांबवायची, असा नियमच झाला.

*

मॉन्टेरेच्या पुढे पेबल बीचला मात्र फाटक लागलं. सेव्हंटीन माइल ड्राइव्ह हा खाजगी रस्ता आहे; गाडीला बाराएक डॉलर. आत एका खडकावर एकटं सायप्रसचं झाड आहे आणि त्या झाडाचं चित्र कंपनीचा ट्रेडमार्क आहे. बाबांना यात काही वावगं वाटलं नाही. रस्ता गुळगुळीत, संडास स्वच्छ, पैसे घेतले तर बिघडलं कुठे? मलाही टोलचं वाईट वाटलं नाही. मला खटकलं ते दुसरंच: तिथे आपण येतो ते कुणीतरी येऊ देतं म्हणून.

कॅलिफोर्नियात दुकानांपुढच्या फरशीवर कधी कधी पितळेची छोटी पट्टी बसवलेली दिसते. तिच्यावर लिहिलेलं असतं की इथून जायचा हक्क मालकाच्या परवानगीने आणि त्याच्या नियंत्रणाखाली आहे, दिवाणी संहिता कलम १००८. मी अशा पट्ट्यांवरून कित्येकदा चालले होते. तिचा अर्थ नंतर कळला. लोक एखाद्या जागेतून बराच काळ उघडपणे, कुणाला न विचारता जात राहिले, तर कायद्याने त्यांचा तिथून जायचा हक्क निर्माण होऊ शकतो. तो होऊ नये म्हणून मालक पट्टी लावून ठेवतो: चाला, पण लक्षात ठेवा, मी चालू देतोय.

आपल्याकडे यासाठी फार जुना शब्द आहे, वहिवाट. त्यात वाट आहेच. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदाही तेच म्हणतो. २० वर्षं अखंड, उघडपणे आणि हक्काने वापरलेल्या वाटेवर वापरणाऱ्याचा हक्क बसू शकतो. सगळी मेख 'हक्काने' या शब्दात आहे. परवानगीने पन्नास वर्षं चाललात तरी हक्क शून्य.

आमच्या घरात या वाटेबद्दल नेहमी एकच वाक्य बोललं जातं: "आपण त्यांना जाऊ देतो." खारवीवाडीत हेच कसं बोलत असतील याचा विचार मी त्या प्रवासात पहिल्यांदा केला. ते म्हणत असतील, "आपली वाट त्यांच्या वाडीतून जाते." पावलं तीच, वाळू तीच, फक्त वाक्यातला कर्ता बदलला. आणि कुणाचं वाक्य कागदावर जाईल, त्यावर पुढच्या पिढीने दीड-दोन किलोमीटर चालायचं की नाही हे ठरणार.

*

इथपर्यंत माझं मत जवळपास झालं होतं. किनारा सगळ्यांचा, वाट उघडी ठेवा, विषय संपला. बिग सरमध्ये बिक्सबी ब्रिज पाहून, पुढे दरड कोसळून रस्ता बंद असल्याने मागे फिरून, १०१ ने खाली येईपर्यंत ते मत टिकलं. मालिबूत तर ते आणखी पक्कं झालं. तिथे समुद्राला पाठ लावून नाही, तोंड लावून घरांची सलग भिंत उभी आहे. डेव्हिड गेफन या निर्मात्याने १९८३ मध्ये बांधकामाच्या परवान्याच्या बदल्यात शेजारून लोकांना वाट द्यायचं कबूल केलं होतं. ती वाट उघडायला २००५ साल उजाडलं. काही घरांपुढे नो पार्किंगच्या खोट्या पाट्या लागत, म्हणून जेनी प्राइस या लेखिकेने २०१३ मध्ये कुठून आत शिरायचं, कुठे बसायचा हक्क आहे हे सांगणारं अ‍ॅप काढलं. इतका उपयोगी कोड मी अजून लिहिलेला नाही.

मग आम्ही मॅनहॅटन बीचला पोचलो. तिथे ब्रूसेस बीच नावाची उतरती हिरवळ आहे. १९१२ मध्ये विला ब्रूस या कृष्णवर्णीय बाईने इथे जमीन घेतली आणि नवऱ्याबरोबर पाहुण्यांसाठी विश्रांतीगृह चालवलं. ज्या काळात लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यांवर कृष्णवर्णीयांना फारसं कुठे थारा नव्हता, त्या काळात इथे ते कपडे बदलून, जेवून, नाचून, पोहून जाऊ शकत. त्यांच्या जागेच्या आणि पाण्याच्या मध्ये दुसऱ्या एका मालकाची पट्टी होती. तिच्यावर प्रवेश बंदच्या पाट्या लागल्या, तेव्हा पाहुणे लांबून वळसा घालून पाण्यापर्यंत गेले. त्यानेही ते हटेनात. शेवटी १९२४ मध्ये नगर परिषदेने सक्तीने जमीन संपादन करायला घेतली. कारण दिलं सार्वजनिक बागेचं. इमारती पाडल्या आणि पुढे कित्येक दशकं तिथे बाग झाली नाही. २०२२ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने ती जमीन ब्रूस कुटुंबाच्या वारसांना परत केली. पुढे वारसांनी ती सुमारे दोन कोटी डॉलरला काउंटीलाच विकली.

तिथल्या बाकावर बसून मला जरा हलल्यासारखं झालं. मी ज्या शब्दाच्या बाजूने दोन दिवस भांडत होते, तोच 'सार्वजनिक' हा शब्द इथे माणसं हुसकायला वापरला गेला होता. आणि ज्या खाजगी मालकीवर मी नाराज होते, त्याच मालकीने बारा वर्षं त्यांना सगळ्यांच्या समुद्रात पाय बुडवू दिले होते.

आपल्याला हे परकं वाटू नये. महाडचं चवदार तळं नगरपालिकेने १९२४ मध्ये अस्पृश्य मानलेल्यांना खुलं केलं होतं, ठरावात. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी ते पाणी खरोखर ओंजळीत घेतलं, तेव्हा सवर्णांनी कोर्टात दावा लावला. दावा काय होता? तळं सार्वजनिक नाही, खाजगी आहे. तो फेटाळणारा मुंबई हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं. मॅनहॅटन बीचला 'सार्वजनिक' म्हणून हाकललं, महाडला 'खाजगी' म्हणून. शब्द उलटे, पण बाहेर राहिलेली माणसं दोन्हीकडे एकाच पायरीवरची.

आमच्या वाटेतही एक गोष्ट आहे जी घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. वाडीतून समुद्रावर जायचा सरळ रस्ता विहिरीवरून जातो. खारवीवाडीची वाट मात्र विहीर टाळून, गडग्याला धरून, लांबून वळते. ती तशी कुणी आणि का आखली, हे सांगायला पणजोबा नाहीत. सांगायची गरजही नाही.

*

माझ्या कामात 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' हे दोन पर्याय एका बटणावर असतात. जमिनीच्या बाबतीत हे बटण काही सांगत नाही, असं मला आता वाटतं. विचारायला हवेत ते वेगळे प्रश्न. फाटक नेमकं कुणाला अडवतं? अडवलेल्याचं काय जातं? आणि आतल्याला नेमकं काय मिळतं?

बिग सरमध्येच मॅकवे फॉल्स आहे, धबधबा थेट समुद्राच्या वाळूवर पडतो. तो सरकारी पार्कात आहे, तरी खाली उतरायची परवानगी कुणालाच नाही, वरून पाहायचं. ते कुंपण मला अन्यायाचं वाटत नाही, कारण ते तोंड बघून अडवत नाही. त्याच डोंगरांत २०२० मध्ये एसेलेन या मूळ रहिवाशांच्या टोळीला ११९९ एकर जमीन परत मिळाली, स्पॅनिश मिशनऱ्यांनी त्यांना उखडल्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी. उद्या त्यांनी तिथे माझ्यासारख्या पर्यटकाला येऊ नका म्हटलं, तर माझी एक सुंदर दुपार जाईल. त्यांची गेली होती ती पूर्ण दुनिया. ही दोन वजनं एका तागडीत घालता येत नाहीत.

आता आमची वाट. बंद केली तर खारवीवाडीचा रोजचा तास-दीड तास जातो, डोक्यावर पाटी असलेल्या बाईचा जास्तच. आणि घेणाऱ्याला काय मिळतं? समुद्र तर त्याला वाट उघडी असतानाही मिळतोय. माडही, वाळूही, सूर्यास्तही. गुंठ्यामागे वाढवून दिलेला भाव यांपैकी कशाचाच नाही. तो खारवीवाडीतली माणसं नजरेला न पडण्याचा भाव आहे. आमच्या मालकीचे माड आहेत, विहीर आहे, माती आहे. दुसऱ्या माणसांचं नसणं आमच्या मालकीचं कधीच नव्हतं, मग ते आम्ही विकणार कसं?

बाबांना मी हे सांगितलं. त्यांचं उत्तर तयार होतं. "सरकारने त्यांना जेट्टी दिली नाही, रस्ता दिला नाही. मग सगळ्यांच्या भल्याचा भुर्दंड एकट्या आपल्यावर का?" यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. जे सगळ्यांचं म्हणायचं त्याचा खर्चही सगळ्यांनी उचलायला हवा, आणि तो उचलला जात नाही, हे खरंच आहे. पण शेजाऱ्याने आपला वाटा दिला नाही म्हणून मी खारवीवाडीचा वाटा विकावा, हे त्यातून निघत नाही. आईच्या ऑपरेशनांना वाट उघडी ठेवून येणारे पैसेही पुरतात. दादाला मात्र फरक पडतो. मी डॉलरमध्ये कमावते, तत्त्व मला स्वस्त पडतं, आणि माझ्या तत्त्वाचं बिल दादाने भरावं असं म्हणायचा मला अधिकार नाही. म्हणून त्याच्या वाट्याला जितकं कमी येईल तितकं मी भरून द्यायचं ठरवलंय. दोन वर्षांची बचत जाईल. सही करीन ती वाट खरेदीखतात 'मालकाच्या परवानगीने' अशी न येता 'वहिवाटीच्या हक्काने' अशी आली तरच.

आमची ही चर्चा लॉस एंजेलिसच्या ट्रॅफिकमध्ये तासभर चालली होती. मागच्या सीटवर आई गुडघे चोळत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही बापलेक इतके दिवस त्यांच्या वाटेवरून भांडताय. खारवीवाडीत कुणी जाऊन विचारलंय का, त्यांना काय हवंय ते?"

कुणीच विचारलं नव्हतं. बाबा ऑगस्टमध्ये गावी परतले आणि दुसऱ्या दिवशी वर गेले. तिथल्या बायकांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की वाट तर हवीच, पण लिहूनच घेताय तर विहिरीवरून सरळ जाणारी लिहा, पाटी डोक्यावर असताना तो वळसा जड पडतो. बाबांनी मला फोनवर हे जसंच्या तसं सांगितलं आणि बराच वेळ गप्प राहिले. कागद अजून व्हायचा आहे.